काउंटेसच्या खोगिरामागे

किल्ली बर्नडेटकडे होती. पुढचा सगळा तमाशा एवढ्या एका गोष्टीवरून झाला, म्हणून ती आधीच सांगितलेली बरी.

हेमलॉक पॉइंट या घरच्या करमणुकीच्या पार्कचं फाटक कायमचं बंद झालं तेव्हापासून मेरी-गो-राउंडच्या गोल मंडपाची किल्ली तिच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली होती. तिने ती मागून घेतलेली नव्हती. किल्लीबरोबर गळकं छप्पर येतं, माळ्यावर पिल्लं घालणाऱ्या रॅकून माद्या येतात, काचांवर दगड मारणारी आसपासची पोरं येतात, हे तिच्या दोघा भावांना पक्कं ठाऊक होतं. रीजिस पिट्सबर्गला विम्याच्या कचेरीत साहेब झाला होता आणि जेरी ॲरिझोनाच्या उन्हात आपला दमा शेकत बसला होता. तेव्हा दोघांनीही किल्लीचं नाव काढलं नाही. आता जागा विकली गेली आणि दोघांनाही किल्लीची फार आठवण यायला लागली.

"इतकी वर्षं एकटीनेच बघितलंस गं सगळं," रीजिसची बायको जोलीन फाटकातून आत शिरता शिरता म्हणाली. "मध्ये कोणी नाही, विचारणारं नाही."

"या की तुम्हीही. छपरावर चढायला माणूस हवाच होता मला."

"नवा ट्रक मात्र छान घेतलास हं. लाल रंग उठून दिसतो."

 बर्नडेटने आईचा हात आपल्या दंडात घट्ट धरला आणि गवतातून वाट काढत चालू लागली.

सोमवारी नव्या मालकाची माणसं येणार होती. त्याआधी साबोल घरातल्या प्रत्येकाने आपापला घोडा घेऊन जायचा, उरलेले जागेबरोबर द्यायचे आणि आईने कागदांवर सही करायची, असं फोनाफोनी होऊन ठरलं होतं. म्हणून सप्टेंबरच्या त्या रविवारी दुपारी सगळे जमले होते. इर्मा साबोल, म्हणजे आई, सहीपायी का होईना, पार्क बंद पडल्यापासून पहिल्यांदाच इथे येत होती. फाटकाला साखळी पडली त्या दिवशी तिने शपथ घेतली होती की बंद पार्कात पाऊल टाकणार नाही, आणि म्हातारी शब्दाची पक्की. तिच्या नजरेच्या मधोमध आता एक राखाडी डाग होता; कडांनी थोडंफार दिसायचं. त्यामुळे ती मान वाकडी करून बघत चालली होती, आणि एका अर्थी तिला समोरचं दिसत नव्हतं तेच बरं होतं. रोलर कोस्टरच्या लाकडी सांगाड्यातून बर्चचं झाड वर आलं होतं. नाचघराचं छप्पर मधोमध बसलं होतं. तळ्याकाठच्या होड्यांच्या धक्क्याचे नुसते खुंट राहिले होते.

"व्हिनेगरचा वास येतोय," इर्मा म्हणाली.

"कसला व्हिनेगर, आई?" जेरी म्हणाला. "बटाट्याच्या तळलेल्या काड्यांची टपरी पडून जमाना झाला."

"तुझं नाक पहिल्यापासून बंदच आहे. स्लोव्हाक लोकांच्या सणाला, स्लोव्हाक दिवसाला, इथे रांग थेट तळ्यापर्यंत जायची. सगळी दरी रिकामी व्हायची. पोलादाच्या भट्टीवरची माणसं बायकापोरांसकट यायची, फादर कोस्टरमध्ये पुढच्या डब्यात बसायचे आणि खाली येताना देवाचं नाव सोडून भलतंच काहीतरी ओरडायचे."

सगळे हसले. तेवढ्यापुरतं ते कुटुंब होतं.

मग बर्नडेटने कुलूप काढलं.

मंडपात ताडपत्र्यांखाली घोडे उभे होते. आत जुन्या तेलाचा, धुळीचा आणि लाकडाचा वास कोंडलेला होता. रीजिसची मुलगी कर्स्टन लहानपणी फक्त दोन-तीन उन्हाळे इथे आली होती. तीसुद्धा दारात थबकून "आई शप्पथ" म्हणाली. जेरीने आपली ताडपत्री ओढली आणि खालून त्याचा बोकड निघाला. साबोलांकडे पोर सात वर्षांचं झालं की त्याला एक घोडा लावून देत, आणि दर हिवाळ्यात तो त्यानेच रंगवायचा. जेरीची पाळी आली तेव्हा त्याने शाळेत काहीतरी दिवे लावले होते, म्हणून वडिलांनी त्याला बोकड दिला.

"अजून तसाच बघतोय माझ्याकडे," जेरी म्हणाला. "हरामखोर."

इर्माला या कशात रस नव्हता. "मला काउंटेसकडे ने," ती बर्नडेटला म्हणाली.

काउंटेस म्हणजे बाहेरच्या रांगेतली पहिली घोडी, सगळ्यात मोठी, मानेवर गुलाबांची माळ कोरलेली. मेरी-गो-राउंडच्या घोड्यांची बाहेरची बाजू लोकांना दिसते, म्हणून सगळी कारागिरी तिकडे. आतली बाजू साधी. त्या आतल्या बाजूला, खोगिराच्या मागच्या कडेखाली, एमिल साबोलने लग्नाच्या आधीच्या उन्हाळ्यात खिशातल्या चाकूने दोन अक्षरं कोरली होती, स्वतःच्या नावाचं एक आणि इर्माच्या नावाचं एक. तेव्हा इर्मा या मंडपात तिकिटं फाडायची आणि एमिलचा बाप तिच्याकडे नुसतं बघणाऱ्यालाही दम द्यायचा. घरात ही गोष्ट नाताळला एकदा आणि ईस्टरला एकदा तरी व्हायचीच. दर हिवाळ्यात नवा रंग लागला की इर्मा ओल्या रंगात आगपेटीची काडी फिरवून ती अक्षरं मोकळी करून ठेवायची.

तिने हात पुढे केला. खोगिराची कड चाचपली, खाली आली. बोटं एकदा फिरली, परत फिरली. मग सावकाश फिरली.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

"आई, हीच काउंटेस."

"बर्नडेट, मी आंधळी आहे, वेडी नाही. इथे काही नाही. गुळगुळीत आहे. ही माझी घोडी नाही."

 आणि मग, कोणी न सांगता, सगळ्यांनी बर्नडेटकडे बघितलं.

*

बाहेर पिकनिकच्या टेबलावर जोलीनने करंजीसारख्या पिरोह्या, कोल्बासीचे सॉसेज आणि अक्रोडाचा रोल मांडला होता. खाणं तसंच राहिलं. फक्त जेरी खात होता. कितीही मोठा प्रसंग असला तरी तो उपाशीपोटी रागवू शकत नसे.

"मी कोणावर आळ घेत नाही," रीजिस म्हणाला. हे वाक्य त्याने म्हटलं की समजावं, आळ आला. "मी फक्त विचारतो. एप्रिलमध्ये इथे एक बंद व्हॅन उभी होती. पलीकडच्या स्टॅशने बघितली. तास-दोन तास मंडपाच्या दाराशी."

"छपरावाला होता तो."

"छपरावाला बंद व्हॅन घेऊन येतो?"

"मग काय घोड्यावर बसून येतो? शिडी होती वर बांधलेली. ते नाही सांगितलं स्टॅशने?"

"अगं, चिडतेस कशाला?" जोलीन म्हणाली. "आमच्या ओळखीत एकांकडे असंच झालं. त्यांच्याकडच्या घोड्याची कोणीतरी हुबेहूब नक्कल बनवून ठेवली. कोणाला पत्ता नाही. नंतर अस्सल घोडा कुठल्यातरी श्रीमंताच्या दिवाणखान्यात निघाला."

"मी ठोकून बघितला," जेरी तोंडात घास घेऊन म्हणाला. "लाकूडच आहे."

"लाकूड असणं म्हणजे तेच लाकूड असणं नव्हे."

"वा, वहिनीसाहेब! सुताराचा धंदा कधीपासून? आणि रीजिस, गिऱ्हाईक कोणी आणलं रे या जागेला? तूच ना? घोड्यांची यादी आधी कोणी मागितली? तू. मग बर्नीचाच गळा का धरायचा? मला तर तुझाच संशय येतो."

"माझा? मी या मंडपात दहा वर्षांत आलो नाही!"

"तेच म्हणतो मी. हातपाय न हलवता काम करून घ्यायची कला तुझी."

"आणि तू मार्चमध्ये न सांगता उगवलास तो? बर्नीच्या सोफ्यावर झोपलास, कोणाला फोन नाही, काही नाही. तो काय बोकडाला भेटायला आला होतास?"

जेरीचा घास थांबला. बर्नडेटला ठाऊक होतं तो का आला होता. बायकोने घराबाहेर काढलं होतं. पण जेरीने ते कोणाला सांगितलेलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नाही. साबोलांच्या घरात ती अशा गोष्टींची पेटी होती. सगळे आपापली लाज तिच्यात ठेवून जायचे आणि नंतर पेटीलाच कुलूप का म्हणून विचारायचे.

इर्मा खुर्चीत ताठ बसली होती. तिने पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती.

"तुम्हाला कळतंय का ते काय होतं?" ती म्हणाली. कोणालाही उद्देशून नाही. "शेवटच्या वर्षी तुमचा बाप तुम्हाला ओळखत नव्हता. तुला पोस्टमन समजायचा, रीजिस. मला कोण समजायचा देव जाणे. पण हात हातात घेतला की अंगठा असा फिरवायचा माझ्या तळव्यावर. वर-खाली, वर-खाली. ती अक्षरं गिरवायचा तो. सगळं गेलं त्याचं, पण तेवढं राहिलं. मला तेवढं पुरे होतं." तिने नाक पुसलं. "आणि आज ती घोडीच नाही."

बर्नडेटने तळ्याकडे तोंड फिरवलं.

कारण घोडी तीच होती. हे तिला एकटीला माहीत होतं.

तो शेवटचा हिवाळा; त्यानंतर पार्क उघडलंच नाही. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ती रुग्णालयात होती, म्हणून मंडपात रॉकेलच्या शेगडीशेजारी फक्त ती आणि वडील. एमिलचा कायदा होता की घोडा कधी खरवडायचा नाही, वर नवा रंग मारायचा. त्यामुळे घोडे दरवर्षी थोडे जाड होत गेले होते आणि काउंटेसचे गुलाब आता कोबीच्या गड्ड्यांसारखे दिसत होते. बर्नडेट बटरकपला, म्हणजे तिच्या आतल्या रांगेतल्या लहानशा घोड्याला, रंग देत होती. वडिलांनी तिला हाक मारली.

"हे बघ," ते म्हणाले. त्यांचं बोट खोगिरामागच्या अक्षरांवर होतं. "कुठल्यातरी कार्ट्याने चाकू चालवलाय."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. ती ब्रश हातात धरून उभी राहिली. एमिलने तिच्याकडे क्षणभर बघितलं, मग वळून लाकडाच्या भुशाची आणि सरसाची, भेगा बुजवायची लांबी कालवली आणि ती त्या अक्षरांत अंगठ्याने दाबून दाबून भरली. पत्र्याच्या पट्टीने नाही, अंगठ्याने. तशी त्यांची सवयच होती. वरून पांढरट पिवळा रंग मारला. दुसऱ्या दिवशी ते किल्ली कुठे ठेवली ते विसरले, आणि मग कुठली किल्ली तेही.

आपले वडील जाऊ लागलेत हे बर्नडेटला त्या दुपारी कळलं होतं. डॉक्टरांना ते सांगायला पुढे वर्ष लागलं.

आईला हे कसं सांगायचं? तुझी अक्षरं त्यांनी स्वतःच्या हाताने बुजवली आणि ती कोणाची होती हेही त्यांना आठवलं नाही, असं? त्यापेक्षा घोडीच चोरीला गेलेली बरी. पण मग चोर कोण हेही ठरलेलंच होतं.

"एक सोपी गोष्ट आहे," कर्स्टन म्हणाली. ती नर्स होती आणि तिला प्रत्येक गोष्ट तपासून मोकळं व्हायचं असे. "तिथला रंग थोडा खरवडून बघू. अक्षरं निघाली तर घोडी खरी. विषय संपला."

"नाही," बर्नडेट म्हणाली.

फार पटकन म्हणाली. तिला स्वतःलाही ते ऐकू आलं.

"का नाही, आत्या?"

"बाबांचा नियम होता. खरवडायचं नाही."

"बाबा गेले, बर्नी," रीजिस हळूच म्हणाला. तो हळूच बोलला की जास्त वाईट वाटायचं. "पार्क गेलं. उद्या इथे बुलडोझर येतील. आता कसला नियम?"

तिने जेरीकडे बघितलं. जेरीने काटा खाली ठेवला होता. आत्तापर्यंत तो तिच्या बाजूने होता. आता त्याच्या तोंडावर काहीतरी बदललं.

"बर्नी," तो म्हणाला, "खरवडू दे ना. तुझं काय जातं?"

"माझं काही जात नाही."

"मग?"

 उत्तर होतं, पण ते आईसमोर बोलता येण्यासारखं नव्हतं.

"ऐक," इर्मा म्हणाली. तिने मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने, जिथून थोडं दिसायचं तिथून मुलीकडे बघितलं. "तू माझ्याजवळ राहतेस. माझी औषधं काढून देतेस, माझे पाय धुतेस. ते मी विसरत नाही. पण तू ती घोडी विकली असशील, तर मी त्या घरात तुझ्याबरोबर एक दिवस राहणार नाही. सहीही करणार नाही. मी रीजिसकडे राहायला जाईन."

यावर टेबलाशी जे झालं ते बघण्यासारखं होतं. जोलीनचा हात अक्रोडाच्या रोलवरच थांबला.

"आमच्याकडे?" ती म्हणाली. "आई, आमच्याकडे जिने आहेत."

"चढीन."

"आणि कुत्रा आहे. तुम्हाला कुत्र्याची ॲलर्जी..."

"ती जेरीला."

जोलीनने एक घोट पाणी घेतलं. मग एकदम बर्नडेटकडे वळून, गोड आवाजात म्हणाली, "मला तर पहिल्यापासून वाटतंय, बर्नी असं करणारच नाही. रंगच जाड झाला असेल. इतकी वर्षं, इतका रंग. नाही का रे, रीजिस?"

"आत्ता तूच तर म्हणालीस..."

"मी काही म्हणाले नाही. मी ओळखीतल्या लोकांचं सांगितलं."

बर्नडेटला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. ती उठली. वडिलांची अवजारांची पेटी अजून मंडपातच होती. तिकडे चालता चालताच तिने काय सांगायचं ते ठरवलं आणि ती मागे वळली.

"मी भरलं ते," ती म्हणाली. "अक्षरं. मीच बुजवली. आई दवाखान्यात होती त्या हिवाळ्यात. मला वाटलं लाकडाला चीर गेलीय. लांबी भरली, वर रंग मारला. नंतर लक्षात आलं काय केलं ते, आणि सांगायची हिंमत झाली नाही."

"तू?" रीजिस म्हणाला. "तुला माहीत नव्हतं तिथे काय आहे? नाताळला तीच गोष्ट, ईस्टरला तीच गोष्ट..."

"शेगडीच्या धुराने डोकं दुखत होतं. नाही आलं ध्यानात."

"देवा रे," जेरी म्हणाला.

 इर्माचे ओठ मिटत मिटत अगदी बारीक झाले. त्या एका क्षणात बर्नडेटला कळलं की चोर ठरण्यापेक्षा हे सोपं नाही. चोराचा राग येतो. आईला आपली किळस आली होती.

*

सगळे पुन्हा मंडपात आले. इर्माला कर्स्टनने काउंटेसच्या शेजारी स्टुलावर बसवलं. जेरीने मोबाइलचा उजेड धरला.

बर्नडेटने खरवडायची पट्टी रंगाला लावली. वरचा पांढरट पिवळा थर सुकून ठिसूळ झाला होता. एका ठिकाणी टोक रुतलं आणि नखाएवढा तुकडा उडाला. खाली तपकिरी लांबी दिसली. लांबीवर खळगा होता. अंगठ्याचा. आणि त्या खळग्यातून एक तिरपी बारीक रेघ गेली होती.

बर्नडेटने ती रेघ लगेच ओळखली. एमिलचा अंगठा जेरीच्या जन्माआधीच कोस्टरच्या दोन डब्यांमध्ये चिरडला होता. तो बरा झाला, पण पेरावरून एक तिरपा व्रण कायमचा राहिला. त्यांनी जे काही दाबलं त्यावर तो उमटायचा, पिरोह्यांच्या कडांवरसुद्धा. पोरं मुद्दाम त्यांनी दाबलेली पिरोही शोधून खायची.

तिने घाईने पट्टीचं टोक लांबीत खुपसलं.

"थांब," इर्मा म्हणाली. "मला हात लावू दे."

"आई, आत्ता निघेल सगळं, एक मिनिट..."

"हात लावू दे म्हटलं ना."

बर्नडेटला बाजूला व्हावं लागलं. इर्माची बोटं आली, उडालेल्या रंगाची कड सापडली, आत उतरली. मग तिने आपला अंगठा त्या खळग्यात ठेवला. तिचा अंगठा लहान होता. खळग्यात तो सैल बसला. ती तो हळूहळू त्या रेघेवरून फिरवत राहिली. वर-खाली, वर-खाली.

कोणाच्या काही लक्षात आलं नाही. रीजिस घड्याळ बघत होता. जोलीन कोणाला तरी हळूच म्हणत होती की रंगच जाड झालाय, तिने सांगितलंच होतं.

"काढ आता," इर्मा शेवटी म्हणाली.

बर्नडेटने लांबी उकरली. तुकडे आईच्या मांडीवर पडले आणि इर्माने ते झटकले नाहीत. एकेक गोळा करून रुमालात ठेवले. आतून अक्षरं निघाली. त्यांच्या कडांना सगळे हिवाळे एकावर एक बसलेले दिसत होते.

"हा गुलाबी बघ!" जेरी ओरडला. "जोलीन, तुझा गुलाबी! नवी नवरी म्हणून तुला रंग निवडायला दिला होता आणि सगळा उन्हाळा काउंटेस केकसारखी दिसत होती."

"आई म्हणाल्या होत्या छान आहे!"

"खोटं बोलले होते," इर्मा म्हणाली.

"खाली हिरवा. होड्यांचा उरलेला. तेव्हा बाबा म्हणाले होते, तळ्यातून आलेली घोडी म्हणून सांगा लोकांना. आणि पोरं खरंच विचारायची, ही पोहते का?"

"त्या वर्षी इथला गाणी वाजवणारा ऑर्गन बिघडला होता," रीजिस म्हणाला. त्याचा आवाज विम्याच्या कचेरीतला राहिला नव्हता. "एकच गाणं वाजायचं. सगळा उन्हाळा. माझ्या डोक्यात अजून वाजतं."

त्याने ते गुणगुणलं, जेरीने साथ दिली, आणि कर्स्टन दोघांकडे तोंड उघडं टाकून बघत राहिली. कोणी बर्नडेटची माफी मागितली नाही. साबोल लोक माफी मागत नाहीत, ते गाणं म्हणतात. रीजिसने मात्र जाता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "छपरावाल्याचं बिल माझ्याकडे पाठव."  त्याचा हात तिने झटकलाही नाही, पण माफीच्या जागी तो हात होता हे ती लवकर विसरणार नव्हती.

इर्माने सह्या केल्या. अक्षरांवर बोट ठेवूनच केल्या.

"मग आई," जोलीन फार जपून म्हणाली, "तुम्ही आज कुठे..."

"घरी," इर्मा म्हणाली. "बर्नडेट नेईल."

"तिने एवढं करूनही?" जेरी म्हणाला.

"धांदरट आहे ती. पहिल्यापासूनच. काय करणार, पोटची आहे."

*

लाल ट्रक फाटकातून बाहेर पडला. उन्हं कलली होती. इर्माच्या मांडीवर रुमालाची गाठ होती आणि तिचा हात सारखा त्या गाठीवर जात होता. तळ्याचा रस्ता संपून मोठा रस्ता लागला.

"लांबी तू भरलीस," इर्मा म्हणाली.

"हो."

"तुझ्या अंगठ्यावर कधीपासून व्रण आला गं?"

बर्नडेटने गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ती समोर बघत राहिली.

"सांग," आई म्हणाली. "काय झालं ते सांग. मला गोड करून सांगू नकोस, मी काही जोलीन नाही."

तिने सांगितलं. शेगडी, बटरकप, वडिलांनी मारलेली हाक. अक्षरांवर ठेवलेलं बोट. शेवटचं वाक्य तिच्या तोंडून निघेना.

"काय म्हणाला तो?"

"म्हणाले, कुठल्यातरी कार्ट्याने चाकू चालवलाय."

 इर्माच्या घशातून एक आवाज आला आणि बर्नडेट घाबरून वळली. आई हसत होती. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती रुमालाची गाठ छातीशी धरून हसत होती.

"आई?"

"हे त्याच्या बापाचं वाक्य," इर्मा म्हणाली. "अगदी हेच. सकाळी घोडे पुसायला आला म्हातारा, त्याला ती अक्षरं दिसली, आणि सगळ्यांना रांगेत उभं करून ओरडला, कुठल्यातरी कार्ट्याने चाकू चालवलाय! आणि एमिल माझ्या शेजारी उभा, चाकू खिशात. मला हसू आवरेना. तिकिटांचा गठ्ठा तोंडावर धरला मी. नंतर आम्ही दोघं एकटे असलो की तो मला हेच म्हणायचा. भांडण झालं की, मी रुसले की. तुमच्यासमोर कधी नाही म्हणाला. ते आमचं होतं."

बर्नडेटला ती दुपार पुन्हा दिसली. तिने इतकी वर्षं ती एकाच बाजूने बघितली होती. बोट अक्षरांवर ठेवून त्यांनी तिच्याकडे बघितलं होतं, क्षणभर. काहीतरी होण्याची वाट बघितल्यासारखं. मध्ये शेगडीचा धूर होता. तिच्या अंगात आईचा रंगकामाचा जुना झगा होता, आणि सगळे म्हणत की ती तरुणपणच्या आईसारखी दिसते.

"म्हणजे त्यांना आठवत होतं?" तिने विचारलं. "का नव्हतं?"

 इर्माने रुमाल उलगडला, लांबीच्या एका मोठ्या तुकड्यावरची रेघ बोटाने चाचपली आणि पुन्हा गाठ मारली.

"तू हसलीस का गं तेव्हा?"

"नाही."

"मग तो तरी काय करणार बिचारा," इर्मा म्हणाली. "भरली लांबी. चल, घरी चल."